नुसतं बोलून डिप्रेशन बरं होतं का?

प्रश्न कोल्हापुरातल्या एका ताईंचा आहे. त्यांचा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत सुपरवायझर. गेले काही महिने पहाटे तीनलाच जाग येते, ती परत डोळा लागत नाही. जेवण निम्म्यावर आलंय, तालमीत जाणं बंद, मित्रांचे फोन वाजून वाजून थांबतात. सुट्टीच्या दिवशी भिंतीकडं तोंड करून पडून असतो. मानसोपचारतज्ज्ञांनी मध्यम स्वरूपाचं डिप्रेशन असल्याचं सांगून गोळ्या सुरू केल्या आणि कागदावर खाली लिहिलं, ‘सीबीटी’, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, विचार आणि वागणं यांवर काम करणारा बोलण्याचा उपचार. त्यावरून घरात वाद. वडिलांचं म्हणणं, ‘नुसतं बोलायचे पैसे? पै-पावणे रोज फुकट सांगतात की तेच.’ ताई विचारतात: याचा खरंच उपयोग होतो का, किती दिवस लागतात, गोळ्या बंद करता येतील का, आणि आम्ही घरच्यांनी नेमकं काय करायचं?

ताई, आधी वडिलांचं घेऊ. त्यांचा निम्मा मुद्दा मला मान्य आहे. पाहुणे सांगतात ते ऐकून तुमचा भाऊ बरा झालेला नाही, उलट आणखी गप्प झालाय. ‘मन रमव’, ‘तुला काय कमी आहे’, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’, ‘पॉझिटिव्ह विचार कर’, यातलं एकही वाक्य उपचार नाही. डिप्रेशनमधल्या माणसाला त्यातून एकच ऐकू येतं: एवढी साधी गोष्ट सगळ्यांना जमते, मला जमत नाही, म्हणजे मीच कुचकामी. सीबीटी म्हणजे हेच बोलणं गोड शब्दांत आणि पंख्याखाली बसून असतं, तर मीही म्हटलं असतं की पैसे वाचवा.

सीबीटीत उपदेश जवळजवळ नसतोच. त्यात दोन कामं असतात. बंद पडलेलं रोजचं वागणं थोडं थोडं करून परत सुरू करायचं, आणि मनात आपोआप उमटणारे विचार कागदावर उतरवून ते कितपत खरे आहेत हे तपासायचं. दोन्ही कामं रुग्ण स्वतः करतो आणि बहुतेक वेळ माझ्या, म्हणजे उपचार करणाऱ्याच्या, खोलीबाहेर करतो. वडिलांना तालमीतलं उदाहरण पटेल. वस्ताद डाव दाखवतो, चूक झाली की सांगतो, पण बैठका ज्याच्या त्यालाच माराव्या लागतात. आठवड्यातून पाऊण तास माझ्यासमोर बसण्यानं फारसं काही हलत नाही. उरलेल्या सहा दिवसांत वहीत काय उतरलं त्यावर पुष्कळ अवलंबून असतं.

ही पद्धत आली कुठून तेही सांगतो, कारण तिचा स्वभाव तिच्या जन्मातच दिसतो. आरॉन बेक हे फिलाडेल्फियातले मानसोपचारतज्ज्ञ, मूळचे मनोविश्लेषणवाले. त्या पंथाची धारणा अशी की डिप्रेशन म्हणजे स्वतःवरच उलटलेला राग. १९६०च्या आसपास बेक हे पुराव्यानं सिद्ध करायला बसले, रुग्णांची स्वप्नं तपासली, आणि रागाऐवजी त्यांना सापडलं अपयश, गमावणं, नाकारलं जाणं. मग त्यांच्या लक्षात आलं की रुग्ण तोंडानं एक बोलत असताना त्याच्या मनात दुसरंच काहीतरी भराभर चालू असतं. कुणी तपासत नाही, थेट खरं मानलं जातं असे विचार. त्यांचे विषय फिरून फिरून तीनच: मी बेकार आहे, जग माझ्या आडवं येतं, पुढं काही चांगलं होणार नाही. न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस त्याआधीच वेगळ्या वाटेनं जवळपास त्याच मुक्कामी पोचले होते. महाराष्ट्रात एलिसची वाट जास्त ओळखीची झाली ती मुंबईच्या कि. मो. फडके यांच्यामुळं. बेकच्या उपचाराची गोळ्यांशी समोरासमोर तुलना १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून हा उपचार सतत मोजून-मापून बघितला जातोय. स्वतःचं मत पुराव्यापुढं सोडून देणाऱ्या माणसानं काढलेली पद्धत आहे, आणि रुग्णालाही ती हेच करायला शिकवते.

पहिल्या एक-दोन भेटींत वही वगैरे काही नसतं. इथं आपल्याकडं ‘मला उदास वाटतं’ असं सांगत पुरुष सहसा येत नाहीत. पाठ धरलीय, डोकं जड असतं, पोट साफ होत नाही, घरात चिडचिड होते, असं सांगत येतात, आणि बऱ्याचदा तोवर दोन-तीन दवाखाने आणि एखादा देवऋषी करून झालेला असतो. त्यामुळं आधी नीट विचारावं लागतं. नऊ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली असते, पीएचक्यू-९ नावाची. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, लक्ष लागणं, मरणाचे विचार वगैरे किती दिवस होतं ते विचारणारी. एकूण गुण २७. दहाच्या पुढं गेलं की लक्ष घालायचं, वीसच्या पुढं म्हणजे तीव्र. ही प्रश्नावली आम्ही काही आठवड्यांनी परत परत भरून घेतो, कारण डिप्रेशनमधल्या माणसाला स्वतःची सुधारणा दिसत नाही. आकडा १८ वरून ११ वर आलेला दाखवावा लागतो. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासलेलं नसेल तर डॉक्टरांना विचारून तपासून घ्या. थायरॉइड मंदावलेला माणूस हुबेहूब डिप्रेशनसारखा दिसू शकतो. दारूचं खरं प्रमाण विचारावं लागतं, ‘कधीतरी, कार्यक्रमाला’ या उत्तरावर थांबून चालत नाही. आणि आणखी एक गोष्ट, जी घरचे सांगायला विसरतात: पूर्वी कधी याच्या अगदी उलट काळ होता का? दोन-तीन तास झोपून तरतरीत, बोलण्याला खळ नाही, पैसे उधळणं, रातोरात मोठे धंदे काढणं. असेल तर तो बायपोलर आजार असू शकतो आणि त्याच्या गोळ्यांचं गणितच वेगळं असतं. तुमच्या भावाचं असं काही आठवत असेल तर पुढच्या भेटीला डॉक्टरांना जरूर सांगा.

मग सुरुवात होते ती वागण्यापासून. यावर माझा भर जरा जास्तच आहे, असं माझे काही सहकारी म्हणतात. पण डिप्रेशनचं चक्रच असं असतं की वाटत नाही म्हणून माणूस करत नाही, आणि करत नाही म्हणून आणखी वाटेनासं होतं. तालीम सुटली की अंगाचा थकवा वाढतो, मित्र सुटले की ‘आपलं कुणी नाही’ याला पुरावा मिळतो, दिवसभर पडून राहिलं की रात्रीची झोप जाते. ‘जरा बरं वाटलं की जाईन’ असं प्रत्येक जण म्हणतो. ते बरं वाटणं आधी येत नाही. आधी पाय हलवावे लागतात, वाटणं मागून येतं, आणि सुरुवातीला तेही फार थोडं.

एक उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. कसबा बावड्यातल्या एक शिक्षिका. शाळेत कसंबसं जायच्या, घरी आल्या की अंधार करून पडायच्या. आधी आठवडाभर फक्त नोंद केली: शंभर पानी वही, दर दोन तासांचा एक रकाना, त्यात काय केलं आणि तेव्हा मन कसं होतं त्याला शून्य ते दहा गुण. आठवड्यानंतर आम्ही दोघांनी ती वही समोर ठेवली. सगळे दिवस एकसारखे वाईट आहेत असं त्या ठामपणे सांगत होत्या. वहीत मात्र मंगळवारी दुपारी पाच होते. त्या वेळी काय केलं होतं? चौथीच्या एका मुलीला भागाकार शिकवला होता. आणि सगळ्यांत खालचे आकडे रोज संध्याकाळी पाच ते आठ, म्हणजे नेमके ‘विश्रांती’चे तास. मग गृहपाठ ठरला, तोही लहान. रंकाळ्याला फेरी वगैरे नाही. घरी आल्यावर आडवं व्हायच्या आधी चहाचा कप घेऊन दारातल्या पायरीवर दहा मिनिटं बसायचं. आधी अंदाज लिहायचा, मग प्रत्यक्ष काय झालं ते. पहिल्या दिवशीचा अंदाज: बरं वाटेल ०, जमेल ३. प्रत्यक्षात: बरं वाटलं ३, जमलं ८. त्या म्हणाल्या, ‘तीन म्हणजे काय विशेष नाही हो.’ मी म्हटलं, ‘बरोबर आहे. पण तुम्ही शून्य लिहिलं होतं.’ त्या वहीकडं बघत राहिल्या. पुढच्या आठवड्यात जाऊबाईंबरोबर रंकाळ्यावर अर्धा तास झाला, त्यापुढच्या आठवड्यात गंगावेशीत दूध प्यायला जाणं. असा अंदाज आणि अनुभव शेजारी शेजारी ठेवत गेलं की माणसाला हळूहळू कळतं, आपलं मन सध्या अंदाज फार खाली बांधतंय. मी कितीही सांगून हे पटलं नसतं.

आता विचारांचं काम. ते बहुतेकांना अवघड वाटतं, कारण विचार ‘आला’ हेच लक्षात येत नाही; फक्त मन एकदम खाली गेलेलं कळतं. म्हणून वहीत रकाने असतात: काय घडलं, त्या क्षणी मनात काय आलं, मन किती खाली गेलं, त्या विचाराच्या बाजूनं पुरावा काय, विरुद्ध काय, आणि सगळं धरून आता काय म्हणता येईल. तुमच्या भावाच्या बाबतीत उदाहरणादाखल असं काही निघू शकेल: साहेब समोरून गेले, मान वर केली नाही, मनात आलं, ‘मागच्या आठवड्यातलं कास्टिंग रिजेक्ट झालं म्हणून मला काढणार.’ बाजूनं पुरावा: लॉट रिजेक्ट झाला, हे खरं. विरुद्ध: साहेब फोनवर होते, त्या दिवशी कुणालाच बोलले नाहीत, पूर्वी लॉट गेले तेव्हा कुणाला काढलं नव्हतं. यातून निघणारं वाक्य ‘सगळं छान आहे’ असं नसतं. ‘लॉट गेला, साहेब नाराज असतील, नोकरी जाईल असं आज तरी काही दिसत नाही’ एवढंच असतं. तेवढ्यानं मन दहातलं दोन-तीन वर येतं आणि कामाला लागता येतं.

पण प्रत्येक वाईट विचार खोटा नसतो, आणि इथं कच्चा उपचार करणारा हमखास घसरतो. पुराचं घ्या. पंचगंगेकाठच्या कुंभार गल्लीतले एक मूर्तिकार माझ्याकडं यायचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गणपतीच्या तोंडावर मूर्ती पाण्यात गेल्या, २०२१ च्या जुलैत परत पाणी घरात. त्यांचं वाक्य होतं, ‘परत पूर येणारच. मग माती तुडवून करायचं काय?’ आता यात चूक कुठं काढणार? राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट ही धोक्याची पातळी, आणि त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. अशा माणसाला ‘नाही येणार हो, चांगला विचार करा’ म्हणणं म्हणजे त्याला मूर्ख ठरवणं. आम्ही ते वाक्य फोडलं. ‘पूर परत येऊ शकतो’, हे खरं. ‘म्हणून मी कितीही केलं तरी वाया’, ‘बापाचा धंदा मी बुडवला’, ही त्याला चिकटलेली दोन वाक्यं निराळी. या चिकटलेल्या वाक्यांसाठी पुरावा मागितला. नदी त्यांनी वाढवली नव्हती. त्याच गल्लीतल्या, त्यांच्यापेक्षा जास्त नुकसान झालेल्या शेजाऱ्याला ते ‘तू धंदा बुडवलास’ असं म्हणाले असते का? ‘त्याला कसं म्हणीन?’ एवढंच बोलले आणि बराच वेळ गप्प बसले. ‘पूर परत येऊ शकतो’ या वाक्याला मात्र वाद नाही, तयारी: पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं की काय हलवायचं, ४३ ला काय, माल कुणाच्या माडीवर ठेवायचा, रंग-मशीन कुठं, बँकेच्या हप्त्याबद्दल कुणाला भेटायचं. ती यादी करण्यात दोन भेटी गेल्या. बघणाऱ्याला हा मानसोपचार वाटणार नाही, पण त्यांची झोप सुधारायला तिथूनच सुरुवात झाली. कर्ज, आजारपण, घरातली भांडणं, हे सगळं डिप्रेशनच्या जोडीला येतं. ते खरं असेल तर त्याला खोटं पाडायचं नसतं.

उपयोग होतो का, याचं आकड्यांतलं उत्तर. अॅमस्टरडॅमच्या संशोधकांच्या पुढाकारानं २०२३ मध्ये ४०९ चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला गेला. सीबीटी घेतलेल्या १०० जणांपैकी साधारण ४२ जणांची लक्षणं निम्म्यानं किंवा त्याहून जास्त कमी झाली. तुलनेच्या, म्हणजे सीबीटी न मिळालेल्या गटात १९ जणांची. म्हणजे चांगला उपाय, पण जादू नव्हे, आणि कुणी ‘शंभर टक्के गॅरंटी’ म्हणत असेल तर तिथून उठून या. गोळ्यांशी तुलना केली तर उपचार संपताना दोन्ही बरोबरीत. सहा महिने ते वर्षभरानं बघितलं तर सीबीटी पुढं. गोळ्या आणि सीबीटी एकत्र हे नुसत्या गोळ्यांपेक्षा चांगलं ठरलं, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी कागदावर ती ओळ लिहिली. इतर काही शिस्तीतल्या बोलण्याच्या उपचारांचे निकालही सीबीटीच्या जवळपास येतात, तेव्हा सीबीटीवाल्यांनी फार मिशा पिळू नयेत.

मला स्वतःला दोन अभ्यास जास्त महत्त्वाचे वाटतात. एक १९९६ मधला, अमेरिकेत नील जेकबसन यांच्या गटानं केलेला. त्यांनी सीबीटीचे तुकडे करून बघितले. काही रुग्णांना पूर्ण उपचार, काहींना फक्त वागणं सुरू करण्याचा भाग. निकाल जवळपास सारखा. दुसरा आपल्या शेजारचा, गोव्यातला. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेच्या लोकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र डिप्रेशन असलेल्या ४९५ जणांवर चाचणी केली, २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. उपचार देणारे ना डॉक्टर ना मानसशास्त्रज्ञ. स्थानिक लोकांनाच प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलेलं. भेटी सहा ते आठ, अर्ध्या-पाऊण तासाच्या, आणि गाभा तोच, वागणं परत सुरू करणं. तीन महिन्यांनी त्यांच्या गटातले ६४ टक्के डिप्रेशनच्या रेषेखाली आले, केंद्रातले नेहमीचेच, थोडे सुधारलेले उपचार मिळालेल्या गटातले ३९ टक्के. इंग्रजी पुस्तकातला उपचार आपल्या खेड्यात चालतो का, या शंकेला माझ्याकडं याहून चांगलं उत्तर नाही.

किती दिवस? डिप्रेशनसाठी साधारण १२ ते २० भेटी, आठवड्याला एक. त्रास जास्त असेल तर सुरुवातीला दोन. चौथ्या ते सहाव्या भेटीपर्यंत काहीतरी हललं पाहिजे: झोप, उठण्याची वेळ, एखाद्या मित्राला फोन. आठ भेटींनंतरही आकडा तिथंच असेल तर गप्प बसून पैसे भरत राहू नका. थेट विचारा की काय बदलायचं. निदान परत तपासायचं असतं, गोळीचा डोस बघायचा असतो, कधी उपचार करणारा बदलायचा असतो. शेवटच्या दोन-तीन भेटी लांब अंतरानं ठेवतात, त्यात आजार परत येत असल्याची स्वतःची लक्षणं ओळखून त्यांची यादी करतात. तुमच्या भावाच्या यादीत बहुधा पहिलं असेल, ‘तालमीला दोन आठवडे दांडी’.

गोळ्या. कृपा करून सीबीटी सुरू झाली म्हणून त्या बंद करू नका. या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण कळायला त्याहून जास्त. बरं वाटल्यानंतरही पहिल्या खेपेला साधारण सहा महिने तरी त्या चालू ठेवतात. अचानक थांबवल्या तर चक्कर, मळमळ, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, आणि लोक समजतात की सवय लागली. डिप्रेशनच्या गोळ्यांची नशा नसते. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते. त्या वेगळ्या, आणि कागदावर दोन्ही असतील तर कोणती कशासाठी हे डॉक्टरांना विचारून घ्या. बंद करायची वेळ आली की डॉक्टरच हळूहळू कमी करतात. सीबीटीचा फायदा इथंच दिसतो. २००५ मध्ये फिलाडेल्फिया आणि नॅशव्हिलच्या एका अभ्यासात बऱ्या झालेल्या शंभरेक जणांवर वर्षभर लक्ष ठेवलं होतं. गोळ्या घेऊन बरे झालेल्यांपैकी ज्यांच्या गोळ्या थांबवल्या, त्यांच्यात ७६ टक्क्यांना आजार परत आला. सीबीटी घेऊन ती संपवलेल्यांत ३१ टक्क्यांना. गट लहान होते, पण फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. वहीची सवय राहते, म्हणून असावं.

काही वेळा सीबीटी पहिली नसते. माणूस खात-पीत नाही, अंथरुणातून उठत नाही, कानात आवाज येतात, ‘माझ्या पापामुळं घर बुडालं’ असं काहीतरी अढळपणे मानतो, किंवा जीव द्यायचा बेत करतोय, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, गरज पडली तर दवाखान्यात भरती, कधी शॉक ट्रीटमेंट. सिनेमांनी शॉक ट्रीटमेंटची जी भीती घातलीय ती खऱ्या उपचाराला लागू नाही. भूल देऊन करतात, आणि अशा तीव्र आजारात ती जीव वाचवते. डोकं थोडं ताळ्यावर आलं की मग वही.

माणूस कसा निवडायचा? भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. मानसशास्त्रज्ञ गोळ्या लिहून देत नाही. देत असेल तर गडबड आहे. शनिवार-रविवारचा कोर्स करून पाटी लावलेलेही शहरात कमी नाहीत. पहिल्या भेटीनंतर भावाला तीन गोष्टी विचारा: गृहपाठ दिला का, पुढच्या भेटीत काय करायचं ते दोघांनी मिळून ठरवलं का, आणि तो जास्त बोलला की समोरचा? तिन्ही उत्तरं निराशाजनक असतील तर दुसरं दार बघा. खर्चाची अडचण असेल तर सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, मानसोपचार विभागाच्या ओपीडीत जा. गर्दी असते, सकाळी लवकर केसपेपर काढावा लागतो. कंपनीत कळेल ही भीती भावाला असेलच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्याला दिलाय. आत काय बोलणं झालं हे आम्ही तुम्हालाही सांगत नाही, मोठा अपवाद जिवाला धोका असण्याचा.

घरच्यांचं काम. ‘तालमीत जा’ म्हणून मागं लागू नका. काही महिने गॅप पडलेल्या पैलवानाला तिथं सगळ्यांसमोर दम लागणं हीच मोठी लाज वाटते. ‘कोपऱ्यापर्यंत येतोस का, मला दळण आणायचंय’ एवढं विचारा. तो आला तर शाबासकीचं भाषण करू नका, नाही आला तर उद्या परत विचारा. त्याची वही उघडून वाचू नका. पहाटे जाग आली तर अंथरुणात तळमळत पडण्यापेक्षा उठून बसू दे, दिवसा मात्र तास-दोन तासांची झोप नको. शिफ्ट बदलत असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर काही आठवडे दिवसपाळी मागता येते का ते बघा. रातपाळी डिप्रेशनला फार वाईट. वडिलांना एकच विनंती: त्याच्याशेजारी न बोलता बसून चहा प्यावा. त्यांना ते जमेल, आणि उपदेशापेक्षा ते जास्त पोचेल.

आणि त्याला सरळ विचारा, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात भरवला जात नाही. उलट विचारणारं कुणीतरी आहे म्हणून बहुतेकांना हलकं वाटतं. हो म्हणाला तर ओरडू नका, शपथा घालू नका. कसं, कधी, असं काही ठरवलंय का ते विचारा. ठरवलं असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडं न्या. शेती असेल तर फवारणीचं औषध घरातून आजच हलवा, गोळ्यांची पाकिटं तुमच्या ताब्यात ठेवा. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीत बोलता येतं.

पहिल्या भेटीला जाताना डॉक्टरांचे सगळे कागद, रक्ताचे रिपोर्ट, सध्याच्या गोळ्यांची पाकिटं आणि एक कोरी वही घेऊन जा. तुम्ही सोबत जा, सुरुवातीची दहा मिनिटं आत बसा, तुम्हाला दिसलेलं सांगा आणि मग बाहेर येऊन थांबा. वेळ घेताना त्याची शिफ्ट आधी सांगा आणि दर आठवड्याला तोच वार मागून घ्या. वार बदलत राहिला की दोन-तीन आठवड्यांत भेटी सुटतात, आणि मग वडील म्हणतील, ‘बघा, काय उपयोग झाला?’